ओट्याचा दगड
(संध्याकाळच्या वर्गात एका गवंड्याने केलेले भाषण)



मी गवंडी आहे. भाषण करणे हे माझे काम नव्हे. पण गुरुजी म्हणाले, "गावात दहा-बारा घरांची कामं चालू आहेत. जो तो स्वयंपाकघरात ओटा घालतोय. कोणता दगड घ्यावा ते सांगा." म्हणून आलो.

येताना पिशवीत दगडाचे तीन तुकडे आणले आहेत. एक कडप्पा, एक संगमरवर, एक ग्रॅनाइट. चौथा तुकडा मघाशी या मावशींनी दिला. त्यांच्या घरी ओट्याचा दगड येऊन पडला आहे, अजून बसवलेला नाही. दुकानदाराने तो काळा ग्रॅनाइट म्हणून दिला. मावशी म्हणतात, "खरं काय ते तुम्ही सांगा." मी कशाला सांगू? लिंबू सांगेल.

आक्का, तुम्ही पुढेच बसला आहात. हे लिंबू कापा. चारही तुकड्यांवर थोडे थोडे पिळा आणि एकेक फोड पालथी ठेवा. आता त्याला हात लावायचा नाही. माझे बोलणे होईपर्यंत लिंबू आपले काम करील.

पूर्वी आपल्या घरात ओटा नव्हता. चूल जमिनीवर. बाई पाटावर बसून भाकरी थापायची, विळीवर बसून भाजी चिरायची. मग गॅस आला. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून लहान लहान वाड्यांवरही सिलिंडर पोचले. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवावी लागते. त्यामुळे शेगडी वर गेली आणि तिच्याबरोबर बाईही उठून उभी राहिली. सगळा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. म्हणून ओटा आला.

ओटा एकदा बसला की वीस-पंचवीस वर्षे हलत नाही. साडी आवडली नाही तर कपाटात ठेवता येते. दगडाचे तसे नाही. त्याच्यापुढे रोज उभे राहावे लागते.

माझीच फजिती आधी सांगतो. 1994 साली मी स्वतःचे घर बांधले. तेव्हा शहरात एका देवळाचे काम संपले होते. संगमरवराचे तुकडे उरले होते, ते मला स्वस्तात मिळाले. मी मोठ्या हौसेने घरात पांढराशुभ्र ओटा केला. गावात तसा ओटा कुणाचा नव्हता. लोक बघायला यायचे. मी मिशीला पीळ देत दाखवायचो.

दोन महिने झाले. एकदा घरी आलो तर ओट्यावर जुने वर्तमानपत्र पसरलेले. वर पातेली. मी म्हणालो, "कागद कशाला?" घरची काही बोलली नाही. मी कागद उचलला. खाली हळदीचे पिवळे डाग. लिंबू चिरले होते तिथे दगड आंधळा झालेला. चिंचेचे पातेले ठेवले होते तिथे गोल चकती उठलेली. ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेनं बसवला. घासून घासून हात दुखले, पण डाग जात नाहीत. मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

चूक तिची नव्हती. चूक माझी होती. मी गवंडी, पण दगड निवडताना मी देवळाचा विचार केला. तिथे चिंच-लिंबू कोण चिरतो?

दुसरी चूक याहून मोठी होती. मी पाच फूट आठ इंच. ओटा मी माझ्या उंचीला केला, चांगला छत्तीस इंच. ती चार फूट अकरा इंच. कणीक मळताना तिचे खांदे कानापर्यंत यायचे. ती पायाखाली पाट घेऊन स्वयंपाक करायची. चार वर्षे तिने पाटावर उभे राहून काढली. एके दिवशी पाट सरकला आणि ती पडली. तेव्हा मी तो ओटा फोडला.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगतो. दगड बघायला जाल तेव्हा रांधणाऱ्या बाईला बरोबर न्या. आणि उंचीचे माप तिचे घ्या. तिला सरळ उभे करा, हात कोपरात वाकवायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. तेवढा ओटा उंच. चार फूट अकरा इंच उंचीच्या बाईला साधारण एकतीस-बत्तीस इंच येतात. शेगडी ओट्यावर बसते, तिच्यावर पातेले, म्हणजे उंची आणखी वाढते. म्हणून शेगडीची जागा तीन-चार इंच खाली घेतली तर फार बरे. सासू आणि सून यांच्या उंचीत फरक असला तर जी जास्त वेळ उभी राहते तिचे माप धरा. यावरून घरात वाद झाला तर मला बोलावू नका!

आता दगडांच्या जातीकडे येऊ.

दुकानात दगडाची नावे पन्नास सांगतील. तुम्ही दोन कुळे लक्षात ठेवा. एक चुन्याचे कूळ. दुसरे आगीचे कूळ.

चुन्याच्या कुळात शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर येतात. शहाबाद हे गाव कर्नाटकात आहे. सोलापूरहून रेल्वेने पुढे गेले की कलबुर्गीनंतर लागते. आपल्या जुन्या घरांच्या, शाळांच्या फरश्या बहुतेक तिथल्या. कडप्पा हे आंध्र प्रदेशातल्या जिल्ह्याचे नाव, त्यावरून दगडाला नाव पडले. कोटा राजस्थानातला. संगमरवरही राजस्थानात मकराण्याला निघतो. ताजमहालाला तोच वापरला आहे.

शहाबादी आणि कडप्पा फार प्राचीन काळी समुद्राच्या तळाशी गाळ साचून झाले. थरावर थर बसले. म्हणून त्यांच्या लाद्या वहीच्या पानांसारख्या सुटतात. काढायला सोपे, म्हणून स्वस्त. संगमरवर म्हणजे हाच चुन्याचा दगड, पण जमिनीत खोल दाबला गेलेला आणि तापून पालटलेला. नाव मोठे, रूप मोठे, पण कूळ चुन्याचेच.

आंबट आणि चुना यांचे जमत नाही. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो, काही असो. आंबट रस चुन्याला खातो. वरची झिलई जाते आणि तिथे मळकट, फिका ठिपका राहतो. तो डाग नसतो, दगड तेवढा झिजलेला असतो. म्हणून तो धुऊन जात नाही. माझ्या घरची हात दुखेपर्यंत घासत होती ते यामुळे. आणि आपला स्वयंपाक तर आंबटाशिवाय होत नाही!

ग्रॅनाइट आगीच्या कुळातला. पृथ्वीच्या पोटात दगडाचा तापलेला रस असतो. तो आतल्या आत फार सावकाश थंड झाला की त्यात मिठाच्या खड्यांसारखे कण धरतात. नीट बघा, ग्रॅनाइटमध्ये ते कण दिसतात. हा दगड कठीण. विळीचा, सुरीचा चरा त्यावर सहसा उठत नाही. लिंबाला तो भीत नाही. इलकल म्हटले की बायकांना लुगडे आठवते. त्याच इलकलच्या आसपास तांबडा ग्रॅनाइट निघतो. आंध्रात चिमकुर्तीला काळा दगड निघतो, त्यात चांदीसोन्याच्या कणांसारखे ठिपके असतात. राजस्थानात जालोरचा ग्रॅनाइट प्रसिद्ध आहे.

कुणी विचारील, "आपल्या डोंगरातला काळा फत्तर काय वाईट आहे?" वाईट मुळीच नाही. तोही आगीच्याच कुळातला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वाहिला, त्याचे हे डोंगर झाले. आपले जाते, पाटा, वरवंटा याच दगडाचे. वेरूळची लेणी याच दगडात कोरली आहेत. पाट्यावर किती पिढ्या चिंचेची चटणी वाटली गेली, कधी पाटा विरला का? पण हा रस उघड्यावर लवकर थंड झाला. त्यात भेगा फार, बारीक भोकेही पुष्कळ. पातळ आणि आठ फूट लांब अशी अखंड लादी त्यातून क्वचितच निघते. पाटा होतो, ओट्याची लादी होत नाही.

मग सगळ्यांनी ग्रॅनाइटच घ्यावा का? तसे मी म्हणत नाही. पैसे बेताचे असतील तर कडप्पा घ्या. आमच्या हातचे कडप्प्याचे ओटे तीस तीस वर्षे टिकले आहेत. त्याला जपावे लागते एवढेच. आंबट ताटलीत चिरा. सांडले तर लगेच पुसा. फिका पडला तर अधूनमधून खोबरेल तेलाचे बोट फिरवा. वर ग्रॅनाइट घातला तरी खाली आधाराच्या उभ्या लाद्या आम्ही कडप्प्याच्याच लावतो. तिथे ग्रॅनाइट लावणे म्हणजे पैसे पुरून ठेवणे. कर्ज काढून ग्रॅनाइट घालण्यापेक्षा कडप्पा घालून मोरीचे पाणी नीट बाहेर काढा.

मात्र कडप्प्याचे पैसे देऊन कडप्पा घ्या. ग्रॅनाइटचे पैसे देऊन कडप्पा घेऊ नका. कडप्प्याला तेल चोळून, घासून इतका काळा करतात की नवखा माणूस फसतो. काही ठिकाणी फिक्या ग्रॅनाइटला काळा रंगही देतात. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. तेव्हा दुकानात चार गोष्टी करा.

लिंबाची आता इथे चाललीच आहे. ती दुकानातही करा. दगडाचा तुकडा मागा. तुकडा देत नसेल तर त्या दुकानात दगड घेऊ नका. दुसरे, दगडावर पाण्याचा थेंब टाका आणि पाव तास थांबा. थेंबाखाली दगड काळवंडला तर तो पाणी पितो. जो पाणी पितो तो तेलही पितो आणि हळदही पितो. तिसरे, नखांचा रंग पुसायचे औषध मिळते, ते पांढऱ्या फडक्यावर घेऊन दगडावर चोळा. फडके काळे झाले तर समजा, रंग वरून दिलेला आहे. चौथे, दगड वाजवून बघा. मडके घेताना आपण वाजवतो तसेच. बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत कुठे तडा असेल. लादी उलटी करूनही बघा. मागे जाळी चिकटवलेली असली तर विचारा, "ही कशाला?" कच्च्या दगडाला धरून ठेवायला ती लावतात.

आता मापाचे. दगड चौरस फुटावर मिळतो. लांबी गुणिले रुंदी. आठ फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे सोळा चौरस फूट. हे सोपे आहे. पण ओटा कोपऱ्यात वळला की खरी गंमत होते. माझ्या ओळखीच्या एका घरी असा वळणाचा ओटा होता. एका भिंतीला आठ फूट, दुसऱ्या भिंतीला पाच फूट, रुंदी दोन फूट. दुकानदाराने हिशेब केला: आठ दुणे सोळा, पाच दुणे दहा, एकूण सव्वीस. घरमालकाने पैसे मोजले. त्यांची मुलगी सातवीत होती. तिने वहीत चित्र काढले आणि म्हणाली, "बाबा, कोपरा दोनदा मोजलाय." खरेच. कोपऱ्याचा दोन बाय दोनचा चौकोन दोन्ही भिंतींत धरला होता. ओटा बावीस फूट, पैसे सव्वीस फुटांचे. चार फूट दगड कुठे होता? फक्त कागदावर!

तेव्हा घरातून निघताना कागदावर ओट्याचे चित्र काढून न्या. त्यावर मापे लिहा. वाटेत पुसट होईल अशा पेन्सिलीने लिहू नका. काही ठिकाणी माप पुढच्या आकड्याला चढवून धरतात, ते आधी विचारा. भांडी घासायच्या सिंकसाठी भोक पाडतात, त्याच्या मधल्या तुकड्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात. तो तुकडा मागून आणा. देवघरात किंवा माठाखाली बसवता येतो. पुढची धार गोल करण्याचे पैसे वेगळे, ते लांबीच्या फुटावर. आणि पावती घ्याच. पावतीवर दगडाचे नाव, जाडी, चौरस फूट आणि भाव, चारही गोष्टी लिहून मागा. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते.

लादी टेम्पोतून आणताना आडवी झोपवू नका. काचेसारखी उभी आणा. सिंकच्या भोकाजवळ दगडाची पट्टी अरुंद राहते, तिथेच ती मोडते. दोन लाद्यांचा सांधा भोकावर नको, शेगडीखाली नको, खाली आधाराची उभी लादी असेल तिथे घ्या. ओट्याला सिंककडे थोडा उतार ठेवायला सांगा. बाकी काम गवंड्याचे. चांगला असेल तर तो करील.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय मी बसणार नाही.

माझ्याबरोबर दगड कापणारा एक जोडीदार होता. फार हुशार हात. वळणाची धार अशी काढायचा की बोट फिरवले तरी कळू नये. यंत्र लावले की पांढरा धुरळा उठायचा. तो तोंडाला रुमाल बांधायचा. आम्हाला वाटायचे, झाले. चाळिशीत त्याला खोकला लागला. क्षयाची औषधे झाली, खोकला जाईना. पुढे चार पावले चालला तरी धाप लागायची. मग मोठ्या दवाखान्यात कळले की ही दगडाची धूळ. ग्रॅनाइटमध्ये गारेचा अंश असतो. कापताना त्याची इतकी बारीक पूड होते की डोळ्याला दिसत नाही. ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते आणि निघत नाही. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखे करील असे औषध नाही. साधा रुमाल या धुळीला अडवत नाही. तो जोडीदार आज नाही.

शहरात आता बनवलेला दगडही मिळतो. त्याला क्वार्ट्झ म्हणतात. गारेची पूड आणि चिकट रसायन एकत्र दाबून त्याच्या लाद्या करतात. दिसायला देखणा, लिंबाला भीत नाही. पण तापलेला तवा ठेवला तर त्यातले रसायन करपते. आणि गारेचा अंश त्यात ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त, काही लाद्यांत शेकडा नव्वदच्या वर. तो कापणारी तरुण पोरे आजारी पडू लागली, म्हणून ऑस्ट्रेलिया देशाने 1 जुलै 2024 पासून असा दगड बनवायला, विकायला आणि बसवायला बंदी केली. तुम्ही तो घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रॅनाइट घ्याल तेव्हा कापणे शक्यतो दुकानातच करून घ्या. तिथे मोठ्या यंत्रावर पाणी सोडून कापतात, धूळ पाण्यातच बसते. घरी थोडेफार कापावे लागलेच तर पाणी सोडणारे यंत्र आणायला सांगा. साध्या यंत्रावर बादलीने पाणी ओतू नका, विजेचा धक्का बसेल. कापणाऱ्याला धुळीचा चांगला मुखवटा घालायला लावा. लहान मुले लांब ठेवा. खाली पडलेली पूड कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कापणारा म्हणेल, "काही होत नाही, आम्हाला सवय आहे." माझा जोडीदारही असेच म्हणायचा.

झाले. आक्का, आता त्या फोडी उचला. हे ओले फडके घ्या आणि चारही तुकडे पुसा. तुकडे दिव्याखाली तिरपे धरा, म्हणजे झिलई नीट दिसेल.

हा ग्रॅनाइट. काही झाले नाही. हा संगमरवर. फोड ठेवली होती तेवढा आंधळा झाला, बोटालाही खरखरीत लागतो. हा कडप्पा, इथे फिका ठिपका आहे. आणि हा मावशींचा.

मावशी, तुमच्याही दगडावर ठिपका आहे. आता तुकड्याची मोडलेली कड बघा. पानांसारखे थर दिसतात. हा कडप्पा आहे.

पावती आणली आहे ना? तुम्हीच वाचा. सावकाश वाचा, घाई नाही... "काळा पॉलिश दगड." बरोबर वाचलेत. ग्रॅनाइट हा शब्द त्यावर कुठेच नाही. पण भाव लिहिला आहे, आणि तो ग्रॅनाइटचा आहे. किती दिले? निम्मे. म्हणजे निम्मे अजून तुमच्या हातात आहेत.

घाबरू नका. दगड वाईट नाही, मी मघाशीच सांगितले. उद्या दुकानात जाऊ. हा तुकडा, पावती आणि एक लिंबू बरोबर घ्या. भांडण करायचे नाही. त्याच्यासमोर लिंबू पिळायचे आणि पाव तास बसून राहायचे. त्याने कडप्प्याचा भाव लावला तर दगड ठेवून घ्या, मी बसवून देतो. नाही लावला तर दगड परत न्यायला सांगू आणि दिलेले पैसे मागू. नऊच्या एसटीला मी फाट्यावर थांबतो.